मार्लिससाठी तीन फैरी

माझी बायको मार्लिस फेब्रुवारीत गेली. आमच्याकडे फेब्रुवारीत जमीन फोडता येत नाही. त्यामुळे चर्चमधली प्रार्थना तेवढी झाली आणि दफन मे महिन्यापर्यंत थांबलं. हिवाळ्यात गेलेल्या माणसांच्या पेट्या दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या दगडी कोठीत ठेवतात आणि गोठलेली माती मोकळी झाली की एकेकाला खाली उतरवतात. गावात सगळ्यांचं असंच होतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही आजवर वाटलं नव्हतं.

दुकानाकडे जाणारा रस्ता त्या कोठीवरून जातो. मी आठवड्यातून दोनदा तिथून जायचो आणि वेग कमी करायचो.

"तुझ्या बायकोला वेटिंगवर ठेवलंय देवाने," आर्डिस म्हणाली. आर्डिस म्हणजे मार्लिसची थोरली बहीण. तोंडाची फटकळ आहे. तिचा नवरा, तोही सैन्यातला, जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझ्याशी या विषयावर कसंही बोलायचा हक्क आपल्याला आहे असं ती धरून चालते.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी एकटा, आणि हातात तीन महिने. त्या तीन महिन्यांत एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. मार्लिसला मातीत देताना गावातल्या माजी सैनिकांनी बंदुकीच्या तीन फैरी झाडाव्यात. बाकी काही नको.

कारण मार्लिस सैन्यात होती. एकोणसत्तर साली ती भरती झाली, मेडिकचं, म्हणजे जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या शिपायाचं, शिक्षण घेतलं आणि जपानमधल्या लष्कराच्या रुग्णालयात गेली. व्हिएतनाममध्ये भाजलेली पोरं विमानाने तिथे आणायचे. ती त्या वॉर्डात होती. परत आल्यावर ती लष्करी कोट घालून इथल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये नाव द्यायला गेली. तेव्हा तिथे बसलेला म्हातारा तिला म्हणाला, "बाळ, महिला मंडळाचं दार बाजूला आहे. तू टॉर्वाल्डची पोरगी ना? मग तुला वडिलांच्या नावावर घेतील." तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते, आणि मंडळ सैनिकांच्या बायका-मुलींसाठी होतं. ती बाजूच्या दाराने आत गेली आणि तिथेच राहिली. चाळीसहून जास्त वर्षं. गावात कुणीही माजी सैनिक गेला की त्याच्या दफनानंतरचं जेवण ती करायची. हॅम घातलेले पाव, बटाट्याचं सॅलड, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या. फैरी झाडून आलेली माणसं गार पडलेली असायची. त्यांना आधी कॉफी, मग घरच्यांना, असा तिचा नियम होता.

ही गोष्ट तिने मला लग्नाआधी सांगितली होती, हसत हसत. पुन्हा कधी काढली नाही.

मी स्वतः सैन्यात नव्हतो. लहानपणीच्या गालगुंडांनी माझा एक कान गेला, म्हणून मला घेतलं नाही. मी आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला, गोठ्यागोठ्यातून चीजच्या कारखान्यापर्यंत. त्यामुळे कुणाला काय मिळतं, ते कसं मागायचं, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये मी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कचेरीत गेलो. तिथे रेने नावाची बाई आहे, इराकला दोनदा जाऊन आलेली. तिने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमची सेवा कुठे झाली?"

"माझी नाही. बायकोची."

तिने मान वर करून नीट बघितलं. मग सेवामुक्तीचा दाखला मागवायचं काम तिने स्वतःवर घेतलं. दोन आठवड्यांनी मला फोन करून बोलावलं.

"दगड मिळेल," ती म्हणाली. "नाव, हुद्दा, युद्धाचं नाव, सगळं कोरून. पेटीवर घालायला झेंडा मिळेल. लष्कराची दोन माणसं येतील, बिगुल वाजवतील, झेंड्याची घडी करून तुमच्या हातात देतील. याचे पैसे नाहीत."

"आणि फैरी?"

"ते आमच्या हातात नाही हो. ते गावातल्या हॉलची माणसं करतात, आपणहून. त्यांच्याशी बोला." मग तिने दाखला पुन्हा बघितला. "तुमच्या पत्नीने आधी कधी काही मागितलंच नाही का? गुडघ्यांचं ऑपरेशन, औषधं, शेवटी शेवटी घरी यायला नर्स. बरंच मिळालं असतं."

"तिला वाटायचं, ते दुसऱ्यांसाठी आहे."

"सगळ्या बायकांना असंच वाटतं," रेने म्हणाली. "मला पगार मिळतो तो हेच ऐकण्याचा."

हॉलचा अध्यक्ष ड्वेन. तो माझा जुना मित्र. आम्ही हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून शेजारी शेजारी गळ टाकून बसायचो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो गॅरेजमध्ये होडीच्या मोटारीशी झटापट करत होता. मी काय ते सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला.

"मार्लिस? आपली मार्लिस?"

"हो."

"अरे, ती महिला मंडळात होती."

"सैन्यात पण होती."

"मग बोलली कशी नाही कधी? दर शुक्रवारी हॉलच्या जेवणाला मासे तळताना माझ्या शेजारी उभी असायची. मी तिला व्हिएतनामच्या सगळ्या कथा दोन-दोनदा सांगितल्यात." त्याचे कान लाल झाले. "ऐकून घ्यायची बिचारी. 'आणखी कॉफी, ड्वेन?' म्हणायची."

"म्हणायची खरी."

"माझ्या एकट्याच्या हातात असतं तर आत्ता हो म्हटलं असतं. पण फैरी झाडणाऱ्या तुकडीत आता सहाच माणसं उरलीत, त्यातल्या एकाला खुर्ची लागते. आणि नियम आहे, फैरी फक्त सभासदाला. बैठकीत ठेवावं लागेल. तू गुरुवारी ये."

"मला आत घेतील?"

"बैठकीत नाही. स्वयंपाकघरात बस."

गुरुवारी मी स्वयंपाकघरात बसलो. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पदार्थ सरकवायची खिडकी आहे. तिची झडप अर्धवट ओढलेली होती. लव्हॉन, महिला मंडळाची आताची अध्यक्ष, कॉफीचा मोठा बंब घासत होती. तिने माझ्यापुढे एक वडी ठेवली.

"ऑर्लिन, खरं सांगू का, तुला आता आमच्याकडे येता येईल," ती म्हणाली. "माजी सैनिकाचा नवरा म्हणून. हल्ली पुरुषांना घेतात. एप्रन घालायला लागेल तेवढा."

"बघू."

"तुला भांडी घासता येतात?"

"अलीकडे यायला लागलीत."

ती हसली आणि मग हसणं आवरून बंबाकडे वळली.

खिडकीपलीकडे ड्वेनने विषय काढला. मग गॉर्डीचा आवाज आला. गॉर्डी लाकडाच्या गिरणीत होता, व्हिएतनामहून पायात लोखंड घेऊन आलेला. तो वाईट माणूस नाही. पण त्याला वाटतं की जगातलं एकच दुःख खरं आहे, त्याच्या पायातलं.

"मार्लिस चांगली बाई होती, त्याबद्दल मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "पण ती जपानला होती. जपान. तिथे स्वच्छ चादरी होत्या, गरम पाणी होतं. आज तिला फैरी दिल्या तर उद्या पोस्टातला तो कारकून मागेल, ज्याने जर्मनीत तिकिटं चिकटवली."

"त्यालाही दिल्या आपण," कुणीतरी म्हणालं. "गेल्या वर्षी."

"तो सभासद होता."

"सभासद व्हायला ती आली होती म्हणतात," ड्वेन म्हणाला. "आपल्याच माणसाने बाजूच्या दाराने पाठवलं."

"ते मी नाही केलं. मी तेव्हा दवाखान्यात होतो."

"कुठल्या? जपानच्या?"

"शिकागोजवळच्या. तू विषय बदलू नकोस, ड्वेन."

लव्हॉनने हात पुसले आणि खिडकीची झडप खडकन वर केली. सगळी डोकी आमच्याकडे वळली. "ती तिथे काय करत होती ते ज्याला माहीत आहे तो इथे बसलाय," ती म्हणाली. "त्याला विचारा ना. की त्यालाही बाजूने पाठवायचं?"

मला काही बोलायचं नव्हतं. मी वडी खात होतो. ती गिळून मी उभा राहिलो आणि खिडकीत वाकलो. मला ठाऊक होतं ते फार नव्हतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मार्लिसने जे सांगितलं ते एका दमात सांगून होण्यासारखं होतं.

मी म्हणालो, की ती रोज पट्ट्या काढायची. पट्ट्या काढण्याआधी त्या पोरांना पाण्याच्या टबात बसवावं लागे, नाहीतर कातडी पट्टीबरोबर यायची. पोरं आरशाची मागणी करायची आणि वॉर्डात आरसा ठेवायला बंदी होती. त्यामुळे तिने आपल्या पर्समधला छोटा आरसाही काढून टाकला होता. एकाने तिला विचारलं, मी कसा दिसतो. ती म्हणाली, तुझे डोळे निळे आहेत. एवढंच मला माहीत आहे, असं मी म्हणालो. आणि आमच्या घरी कोंबडी कधी आगीवर भाजली नाही. पिसं जाळायचा वास तिला चालत नव्हता. आम्ही सोललेली विकत आणायचो.

मग मी खाली बसलो. खिडकीतून मला फक्त त्यांचे खांदे आणि टोप्या दिसत होत्या.

"मला काय माहीत," गॉर्डी म्हणाला.

"मतदान घेत नाही मी," ड्वेन म्हणाला. "आठ मे, सकाळी अकरा. ज्याला यायचंय तो येईल. पुढचा विषय, छताची गळती."

लव्हॉनने झडप खाली ओढली. मला तिने आणखी एक वडी कागदात बांधून दिली. ती मी घरी उभ्या उभ्याच खाल्ली.

त्यानंतरचे दिवस मी वाट बघत काढले. कोण येईल, ते कुणालाही विचारलं नाही. ड्वेन दुकानात भेटला की हवेबद्दल बोलायचा. गॉर्डी पेट्रोल पंपावर दिसला, त्याने मान हलवली, मीही हलवली. घरी आलं की मला वाटायचं, मार्लिसला सांगावं की तुझ्यासाठी मी लोकांच्या खिडकीत वाकलो. ती चिडली असती. तिला कुणाकडे काही मागितलेलं आवडत नसे. माझ्या बाजूने एवढंच होतं, की मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी मागत होतो. मी मेल्यावर ती कोण होती हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं. निदान सहा माणसांनी एकदा मोठ्याने आवाज करावा, असं मला वाटत होतं.

आठ मेला ढग होते. माती मऊ झाली होती आणि सगळीकडे चिखल होता. खड्ड्याभोवती हिरवी चटई अंथरली होती. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या, एकीवर मी आणि एकीवर आर्डिस. आर्डिसने काळी टोपी आणि जाळी घातली होती. तिच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळची. लष्कराची दोन माणसं आधीच आली होती, एक तरणा सार्जंट आणि एक त्याच्याहून लहान मुलगी, हातात बिगुल. चर्चमधले लोक होते. महिला मंडळातल्या बायका झाडून सगळ्या होत्या. पण जिथे बंदूकवाले उभे राहतात ती टेकाडावरची जागा रिकामी होती.

अकरा वाजले. पाद्री माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जरा थांबू.

"येतील," आर्डिस म्हणाली. "म्हातारे आहेत. प्रत्येकाला निघताना दोनदा लघवीला जावं लागतं."

मग हॉलची जुनी व्हॅन फाटकातून आत आली. ड्वेन उतरला आणि त्याने मागचं दार सरकवलं. एकामागून एक माणसं उतरली, टोप्या घातलेली, कोटांची बटणं पोटावर ताणलेली. पाच जण. पाचव्यासाठी घडीची खुर्चीही उतरवली. गॉर्डी नव्हता.

ड्वेन माझ्याजवळ येऊन खाली वाकला. "गॉर्डीचा पाय दुखतोय," तो म्हणाला.

येताना मी गॉर्डीची गाडी कॅफेबाहेर बघितली होती. मी म्हटलं, "हो, हवा तशीच आहे."

पाद्रींनी वाचलं. मग पाच जण टेकाडावर उभे राहिले, म्हणजे चार उभे आणि एक बसलेला. ड्वेनने हुकूम दिला. पहिली फैर एकत्र झालीच नाही, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशी फुटली. दुसरी जरा बरी होती. तिसरी मात्र एकच झाली, आणि माझ्या चांगल्या कानात बराच वेळ राहिली. तळ्यावरची बदकं उठून गेली. मग बिगुल वाजलं. हल्ली बिगुलाच्या आत यंत्र बसवतात, वाजवणारी मुलगी फक्त ओठाला लावून उभी राहते. ते मला माहीत होतं. तरी ती मुलगी गाल फुगवून उभी होती, आणि ते मला बरं वाटलं.

त्या दोघांनी पेटीवरचा झेंडा उचलला आणि घडी घातली, पुन्हा पुन्हा, त्रिकोण होईपर्यंत. सार्जंटने तो छातीशी धरला, वळला आणि आमच्याकडे चालत आला. चिखलात गुडघा टेकला. आर्डिसपुढे.

पुढच्या रांगेत काळी टोपी घातलेली म्हातारी बाई असली की झेंडा तिच्याकडेच जातो. त्या पोराने आजवर शंभर वेळा तेच केलं असणार. त्याचे पाय आपोआप गेले.

"राष्ट्राध्यक्षांच्या वतीने, लष्कराच्या वतीने, आणि कृतज्ञ देशाच्या वतीने," त्याने सुरू केलं.

"थांब रे बाळा," आर्डिस म्हणाली. आवाज खाली ठेवणं तिला येत नाही. "माझा झेंडा मला केव्हाच मिळाला. ही पेटीत आहे ना, ती शिपाई. आणि ही विधवा," तिने अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं, "ही इथे बसलीय."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. बहुतेक लव्हॉन. पोराच्या मानेपर्यंत रक्त चढलं. तो उठला नाही. गुडघ्यावरच एक पाऊल सरकला, त्याची पँट चिखलाने भरली, आणि माझ्यासमोर आला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, चुकीमुळे की कशामुळे ते मला कळलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने, लष्कराच्या वतीने. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, "तुमच्या पत्नीने केलेल्या सन्माननीय आणि निष्ठावान सेवेबद्दल." पत्नी म्हणताना त्याने आवाज चढवला, टेकाडावर ऐकू जाईल इतका.

झेंडा हातात घेतला की तो वाटतो त्याहून जड लागतो.

हॉलमध्ये जेवण होतं. लव्हॉनने सगळं केलं होतं, पाव, सॅलड, वड्याही. बंदूकवाल्यांना आधी कॉफी दिली. माणसं माझ्या पाठीवर थाप मारून गेली आणि मग शनिवारपासून मासेमारीचा हंगाम सुरू होतो आहे त्याबद्दल बोलायला लागली, पाणी अजून किती गार आहे, कुणी होडी दुरुस्त केली. एक जण म्हणाला, मार्लिसच्या वड्यांत साखर कमी असायची, तेच बरं होतं. मी वाट बघत होतो, की कुणी तिच्याबद्दल काहीतरी विचारेल. वॉर्डबद्दल, जपानबद्दल. कुणी विचारलं नाही. त्यांनी आपलं काम केलं होतं आणि त्यांना भूक लागली होती. मी कुणाला दोष देत नाही. तिनेही असंच केलं असतं, ताट पुढे केलं असतं.

आर्डिसला घरी सोडून मी परत दफनभूमीत गेलो. खड्डा अजून उघडा होता. खोदाईचं मशीन घेऊन एक माणूस आला होता, शेजारच्या गावचा. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने चटई गुंडाळून बाजूला ठेवली होती. मी पिकअपमधून उतरलो. झेंडा सीटवर एकटा ठेवावासा वाटेना, म्हणून काखेत घेतला.

माणसाने मशीन बंद केलं. "तुम्ही कुठे होता?" त्याने झेंड्याकडे बघत विचारलं. "व्हिएतनाम?"

"मी दुधाचा टँकर चालवायचो. ही होती. जपानला. भाजलेल्यांच्या वॉर्डात."

"नर्स?"

"नाही. मेडिक."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. आभाळाकडे बघितलं. "पावसाच्या आत उरकायला हवं," तो म्हणाला. "तुम्ही जरा मागे व्हा. ओली माती कुठेही सरकते."

मी मागे झालो. तो काम चांगलं करत होता. फावड्याचा जबडा अगदी खाली नेऊन मग उघडायचा, म्हणजे माती धपकन पडायची नाही. मी झेंडा कोटाच्या आत घातला आणि शेवटपर्यंत उभा राहिलो. वरची माती त्याने जबड्याच्या पाठीने थोपटून सारखी केली. मग खाली उतरून हातमोजे काढले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पाऊस सुरू झाला होता, बारीक.

"जपानला थंडी असते का हो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही."

तो मान हलवून मशीनकडे वळला.

"भाजलेल्यांचा वॉर्ड मात्र गरम ठेवायचे," मी म्हणालो. "भर उन्हाळ्यातसुद्धा. तिचा गणवेश घामाने अंगाला चिकटायचा."

तो थांबला. "का बरं?"

"कातडी नसली की माणसाला थंडी वाजते."

पाऊस वाढला. तो हातमोजे हातात धरून, मी आणखी काही सांगतो का याची वाट बघत उभा राहिला. मला आणखी काही ठाऊक नव्हतं. मग त्याने मशीन ट्रेलरवर चढवलं आणि तो गेला. मी तिथेच होतो.